जामीन झाला, सुटका नाही: एका उन्हाळी इंटर्नशिपचा प्रकरण अभ्यास

मे महिना आला की विधी महाविद्यालयातल्या मुलांची इंटर्नशिपसाठी धावपळ सुरू होते. नेमक्या त्याच महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते. उच्च न्यायालय सुट्टीत, जिल्ह्यातली दिवाणी न्यायालयं सुट्टीत, बरेचसे वकील गावी गेलेले. फौजदारी बाजूला रिमांड आणि तातडीची कामं प्रभारी न्यायाधीशांपुढे चालतात, तेवढीच काय ती हालचाल. उलटतपास बघायला मिळेल, युक्तिवाद ऐकायला मिळतील या आशेनं गेलेला मुलगा वकिलांच्या कार्यालयात जुन्या फायली लावत बसतो आणि महिनाअखेर प्रमाणपत्र घेऊन येतो.

इंटर्नशिपची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे ही सगळी प्रमाणपत्रं आणि सोबतच्या डायऱ्या माझ्या टेबलावर येतात. त्यांतल्या २०२५ सालच्या एका डायरीवरून हे लिहिते आहे. जिल्ह्याचं नाव गाळलं आहे आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रक्रिया, कायदा आणि वाटेतल्या अडचणी मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.

नियम आणि पैसा

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप बंधनकारक आहे. कोणत्याही एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. कुठे करायची याची यादी लांबलचक आहे: स्वयंसेवी संस्था, सत्र आणि अपील न्यायालयातले वकील, न्यायाधीश, नियामक संस्था, विधिमंडळ, संसद, लॉ फर्म, कंपन्या, स्थानिक स्वराज्य संस्था. विद्यार्थ्याला काही मोबदला मिळावा, असं मात्र त्या नियमात कुठेही नाही.

त्यामुळे कोण कुठे जाणार हे बहुतेक वेळा घरच्या ऐपतीवर ठरतं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी आहे, नीती आयोगातलीही बिनपगारी. परराष्ट्र मंत्रालयानं आपल्या इंटर्नना महिना १०,००० रुपये मानधन आणि विमानाचं भाडं द्यायला सुरुवात केली, राज्यवार जागा ठेवल्या, आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या जिल्ह्यांतल्या मुलांना प्राधान्य दिलं. या सगळ्यात मला ती सर्वांत विचारपूर्वक आखलेली योजना वाटते. पण तिथे जागा मोजक्या, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात आल्याशिवाय अर्जच करता येत नाही.

आमची विद्यार्थिनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला होती. बारावीपर्यंत मराठी माध्यम, वडिलांचं तालुक्याच्या गावी छोटं किराणा दुकान. तिला मुंबईच्या एखाद्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं होतं आणि एका ठिकाणाहून होकारही आला होता. मुंबईत महिनाभर कॉट बेसिसवर राहायचं, खायचं, लोकलचा पास काढायचा, असा हिशेब मांडल्यावर तिनं तो नाद सोडला. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं पत्र तिनं दुसरा पर्याय म्हणून घेतलं. घरी राहून रोज एसटीनं जाता येत होतं आणि २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. मनातून ती नाराज होती. डायरीतल्या पहिल्या काही नोंदी वाचल्या की ते लपत नाही: "आज फ्रंट ऑफिसला बसले. नोंदवही पाहिली." दुसऱ्या दिवशी: "लोकअदालतीच्या नोटिसांवर पत्ते लिहिले." तिसऱ्या दिवशीही पत्तेच.

यादी

दुसऱ्या आठवड्यात प्राधिकरणाच्या सचिवांनी तिला तुरुंगाकडून आलेली एक यादी दिली. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका न झालेल्या कैद्यांची यादी.

ही यादी का येते ते आधी सांगायला हवं. जामिनाच्या धोरणाबाबत स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ रोजी काही निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगात जायला हवी. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगात जाणारे वकील यांच्याकडून चौकशी करून घ्यायची आणि कैद्याच्या आर्थिक परिस्थितीचा अहवाल न्यायालयापुढे ठेवायचा. महिना उलटूनही जामीनदार मिळाला नसेल, तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार हवा असा आग्रह धरू नये, असंही त्यात सुचवलेलं आहे.

कागदावर साखळी पूर्ण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. त्यांपैकी जामीन होऊनही आत असलेल्यांची खरी अडचण काय असते, हे या मुलीला त्या यादीनं शिकवलं.

यादीत डझनभर नावं होती. नावापुढे पोलीस ठाणं आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक, बस्स. तिनं न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर नावं शोधायला घेतली आणि पहिल्याच दिवशी अडकली. तुरुंग कैद्याला गु.र.नं. वरून ओळखतो. न्यायालयात दोषारोपपत्र दाखल झालं की खटल्याला आरसीसी (नियमित फौजदारी खटला) क्रमांक पडतो आणि ई-कोर्ट्सवर तो खटला ओळखायचा १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. दोषारोपपत्राआधी जामीन झाला असेल, तर तो आदेश रिमांडच्या कागदांत राहतो किंवा किरकोळ फौजदारी अर्जाच्या वेगळ्या क्रमांकाखाली जातो. म्हणजे एकाच माणसाची तीन वेगवेगळ्या क्रमांकांखाली तीन ठिकाणी नोंद, आणि तिन्ही एकत्र दिसतील असा कागद कुणाकडेच नाही. त्यात नावांची भर. तुरुंगात आडनाव आधी, न्यायालयात वडिलांचं नाव मधे, पोलिसांच्या कागदात "ऊर्फ". एका कैद्याचं आडनाव तीन कागदांत तीन तऱ्हेनं लिहिलेलं तिला सापडलं.

तिनं एका वहीत रकाने आखले: तुरुंगातला क्रमांक, गु.र.नं. आणि ठाणं, आरसीसी, सीएनआर, जामिनाच्या आदेशाची तारीख, आदेशातली नेमकी अट, आणि शेवटचा मोठा रकाना "का अडकलं". यासाठी कायद्याचं फार ज्ञान लागत नव्हतं. लागत होती ती चिकाटी, आणि न्यायालयातल्या कारकुनांशी नीट बोलता येणं. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झालं याची नोंद, कसा वाचायचा हे एका वरिष्ठ लिपिक बाईंनी तिला उभ्याउभ्या दहा मिनिटांत शिकवलं. "प्रकरण पुकारले, आरोपी तुरुंगातून हजर नाही, पुढील तारीख" एवढ्या ओळीवरून काय कळतं आणि काय कळत नाही, हे आमच्या तीन वर्षांच्या शिकवण्यात कुठेच आलेलं नव्हतं. शिक्षक म्हणून ही उणीव मला फार मोठी वाटते.

वही भरत गेली तशी यादी आकसत गेली. काहींवर दुसरा गुन्हा होता, त्यात जामीन झालेला नव्हता. ते या आदेशानं सुटणारच नव्हते. एक जण दुसऱ्या तुरुंगात हलवला गेला होता. एक तर आधीच सुटला होता, यादीतून नाव काढायचं राहिलं होतं. खरोखर केवळ जामीनदाराअभावी अडकलेले शेवटी मोजकेच उरले. त्यांतल्या एकाचं प्रकरण लोकअभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे प्राधिकरणानं गरीब आरोपींसाठी नेमलेल्या वकिलांनी तिच्याकडे सोपवलं आणि सांगितलं, "हे एकच घे, पण शेवटपर्यंत ने."

एक कैदी

मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेला पंचविशीचा तरुण. हंगाम संपत आला असताना फेब्रुवारीत विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची केबल चोरल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खालची साधी चोरी, कमाल शिक्षा तीन वर्षं. आधीचा एकही गुन्हा नाही. मार्चमध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी २५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर (आरोपीच्या स्वतःच्या बंधपत्रावर) आणि तेवढ्याच रकमेच्या एका सक्षम जामीनदारावर जामीन दिला. मे उजाडला तरी तो आतच होता.

प्राधिकरणाच्या परवानगीनं ती लोकअभिरक्षकांबरोबर तुरुंगातल्या विधी साहाय्य केंद्रात गेली. त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. जामिनाचा अर्ज करणारा वकील मुकादमानं लावून दिला होता. ठरलेली फी संपली तशी त्याची धावही संपली. मुकादम टोळी घेऊन गावी परतला. भाऊ एकदा येऊन गेला, पण जामीनदार म्हणून त्याला घेतलं नाही, कारण शेत दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायालयाच्या आवारात भेटलेल्या एकानं जामीनदार आणून देतो म्हणून भावाकडून पैसे घेतले आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही.

तिला वाटलं, उत्तर सोपं आहे. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७८. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो असा निवाडा: एक गवंडी, १०,००० रुपयांचा जामीन, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्यांनी त्याला जामीनदार म्हणून नाकारलं, आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. परिस्थिती हुबेहूब तीच. भावाचा सातबारा मागवून घेऊ, निवाडा जोडू, झालं.

भावानं व्हॉट्सॲपवर सातबारा पाठवला. त्यावर नाव वडिलांचं होतं, आणि वडील वारून बरीच वर्षं झाली होती. वारस नोंद केलेली नव्हती, फेरफार झालेला नव्हता. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालतो असं न्यायालयानं म्हटलं असतं, तरी भावाकडे स्वतःच्या नावावर दाखवायला एक गुंठाही नव्हता. तहसीलदारांकडून ऐपतीचा दाखला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज, नोटीस, हरकतींची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. तोवर पावसाळा लागला असता.

१९७८ चा निवाडा २०२५ मध्ये तालुक्याच्या न्यायालयात का पोचत नाही, याचं उत्तर मला या सातबाऱ्यात दिसतं. तत्त्वाला कुणाचाच विरोध नसतो. पण मधे महसूल खात्याचा एक कागद असतो, एका वकिलाची थकलेली फी असते, सुट्टीवर गेलेला न्यायाधीश असतो. सार्वजनिक धोरण शिकायचं ते इथे शिकावं, असं माझं ठाम मत आहे. दिल्लीतल्या वातानुकूलित कार्यालयात बसून धोरणाचा मसुदा वाचणारा विद्यार्थीही शिकतो, पण हा मधला कागद त्याला दिसत नाही.

दोन हजार रुपये

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली, आणि ती या संपूर्ण प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

भावाशी बोलायला तिनं स्वतःचा मोबाइल वापरला होता. कार्यालयाचा फोन सतत गुंतलेला, आणि व्हॉट्सॲपवर कागद मागवायचे तर दुसरा मार्ग नव्हता. तो तिला "वकील मॅडम" म्हणायचा. ती दर वेळी सांगायची, मी वकील नाही, विद्यार्थिनी आहे. एका रात्री तिच्या फोनवर २,००० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. पाठोपाठ भावाचा फोन: "मॅडम, आत्ता एवढेच झाले. बाकीचे उचल मिळाली की टाकतो. तेवढं भावाचं बघा."

त्याच्या दृष्टीनं त्यात काहीच वावगं नव्हतं. आजवर ज्यानं ज्यानं त्याच्या भावाच्या कामाला हात लावला, त्यानं पैसे घेतले होते. हे काम मोफत आहे, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार कोठडीत असलेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं. ते त्याला माहीत असेल असं ती धरून चालली होती.

तिनं पैसे लगेच परत पाठवले, दोन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट ठेवले आणि सकाळी कार्यालयात जाऊन आधी वकिलांना सांगितलं. त्यांनी ते सचिवांच्या कानावर घातलं आणि तिच्याकडून लेखी टिपण घेतलं. तिला कुणी रागावलं नाही. त्या दिवसापासून भावाशी बोलणं कार्यालयाच्या फोनवरून, विधी स्वयंसेवक ताईंच्या समोरच, असं ठरलं. वकिलांनी तिला आणखी एक गोष्ट बजावली: सुटका होईल असं नातेवाइकांना कधीही म्हणायचं नाही, अर्ज केला आहे एवढंच म्हणायचं. डायरीत त्या दिवशीची नोंद दोन पानांची आहे.

महाविद्यालयात आम्ही व्यावसायिक नीतिमत्तेचा पेपर शिकवतो. वकिलानं काय करू नये याची यादी मुलं पाठ करतात. पण वकील नसलेल्या, सनद नसलेल्या, तरीही वकिलाच्या कामात मदत करणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीनं पक्षकाराच्या नातेवाइकाशी कसं बोलावं, कोणता नंबर द्यावा, गोपनीय काय मानावं, हे इंटर्नशिपला पाठवण्याआधी आम्ही एका तासात तरी सांगायला हवं. हा दोष विद्यार्थिनीचा नाही, पाठवणाऱ्या संस्थेचा आहे.

अर्ज

तिचा पहिला मसुदा नऊ पानी होता आणि इंग्रजीत. राज्यघटनेचा अनुच्छेद २१ (जीवित आणि स्वातंत्र्य), अनुच्छेद ३९अ (मोफत विधी साहाय्य), कच्च्या कैद्यांबाबतचा हुसैनारा खातून निवाडा, मोतीराम, सगळं होतं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४७९ ही होतं: पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. वकिलांनी विचारलं, "तीन वर्षांचा एक तृतीयांश किती? एक वर्ष. हा आत किती आहे? तीन महिने. मग हे कलम इथे कशाला?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. कलम गेलं. घटनेवरची चार पानं गेली. अर्ज मराठीत आला, कारण त्या न्यायालयात कामकाज मराठीत चालतं. दीड पान उरलं.

त्या दीड पानात काय होतं ते पाहण्यासारखं आहे. जामीन झाल्याची तारीख आणि आज किती दिवस झाले. जामीनदार का मिळाला नाही, तीन वाक्यांत. मृत वडिलांच्या नावावरचा सातबारा जोडलेला. गावच्या ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला जोडलेला. आरोपीवर दुसरा गुन्हा नाही, हे वहीतल्या रकान्यांवरून पडताळून लिहिलेलं. बंधपत्राची रक्कम आरोपीच्या परिस्थितीला धरून असावी, ती अवाजवी नसावी, ही कायद्यातली तरतूद. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांतला महिना उलटल्यानंतरचा भाग. मोतीराम एका ओळीत. आणि मागणी: जातमुचलक्यावर सोडावं, ते शक्य नसेल तर बाहेर जाऊन जामीनदार आणता यावा म्हणून ठरावीक मुदतीपुरतं सोडावं. सोबत विधी स्वयंसेवक ताईंनी तयार केलेला आर्थिक परिस्थितीचा अहवाल. त्याचं कच्चं टिपण या मुलीनं केलं होतं.

केंद्र सरकारच्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेचाही विचार झाला. २०२३ च्या त्या योजनेत तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची बैठक आणि मंजुरी लागत होती. इथे आदेश रोख रकमेचा नव्हता, जामीनदाराचा होता. वकिलांनी ठरवलं की आधी अट बदलून मागू. निर्णय बरोबर होता.

दोन-चार दिवस मात्र एका वेगळ्याच गोष्टीत गेले. आधीच्या वकिलांचं वकालतपत्र प्रकरणात होतं, त्यामुळे त्यांची ना हरकत हवी होती. ते सुट्टीत गावाला गेले होते. शेवटी तुरुंगातून आरोपीच्या सहीनं आलेला विधी साहाय्याचा अर्ज जोडून काम पुढे सरकलं.

प्रभारी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली ती दहा मिनिटांत. सरकारी वकिलांची हरकत अपेक्षित होती: आरोपी परजिल्ह्यातला, परत येणार याची खात्री काय? न्यायाधीशांनीही तेच विचारलं. उत्तर म्हणून रहिवासी दाखला, भावाचं हमीपत्र आणि आधारची प्रत पुढे ठेवली गेली. ही मुलगी मागच्या बाकावर बसली होती. बोलायचा तिला अधिकार नव्हता. न्यायालयानं १५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं, जामीनदार आणायला सहा आठवडे दिले आणि दर महिन्याला गावच्या पोलीस ठाण्यात हजेरी लावायला सांगितलं. आदेश ईमेलनं तुरुंगात गेला. दुसऱ्या संध्याकाळी तो बाहेर आला. गावी जायला त्याच्याकडे भाडं नव्हतं. ते स्वयंसेवक ताईंनी दिलं.

चार आठवड्यांनंतर

त्याच आठवड्यात तिची इंटर्नशिप संपली. जाताना तिनं सचिवांना एक पानाचं टिपण दिलं. मागणी साधी: तुरुंगाकडून येणाऱ्या यादीत आरसीसी आणि सीएनआर क्रमांकाचे दोन रकाने वाढवावेत आणि "दुसऱ्या गुन्ह्यात जामीन बाकी" अशी नोंद तुरुंगानंच करून पाठवावी, म्हणजे दर वेळी नव्यानं शोधायला नको. दर तिमाहीला प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीची बैठक होते, तिच्यापुढे जाणाऱ्या तक्त्यातही हे रकाने यावेत. रकाने आले. ते भरले जातात की नाही, हे त्या त्या महिन्यात त्या टेबलावर कोण आहे यावर ठरतं.

कैद्याचं पुढे असं झालं. सहा आठवड्यांच्या आत त्याच्या मेहुण्यानं स्वतःच्या नावावरचा सातबारा आणून जामीन दिला आणि परजिल्ह्यातला असूनही तो स्वीकारला गेला. पावसाळ्यातल्या तारखांना तो आला. नोव्हेंबरमधली एक तारीख चुकली, कारण तोवर ऊसतोडीचा नवा हंगाम सुरू झाला होता आणि टोळी कर्नाटकात गेली होती. त्याच्यावर वॉरंट निघालं. लोकअभिरक्षकांनी त्याला बोलावून घेतलं, अर्ज दिला, दंड भरून वॉरंट रद्द झालं. तारखेची आठवण करून देणारा एक फोन आदल्या आठवड्यात गेला असता, तर हे टळलं असतं. उन्हाळ्यात तो फोन करायला एक विद्यार्थिनी होती. नोव्हेंबरमध्ये कुणीच नव्हतं.

नियम सलग चार आठवड्यांचा आहे आणि त्यामागे वर्ग बुडू नयेत हा विचार आहे, तो मला पटतो. पण विद्यार्थी गेला की प्रकरण अनाथ होतं, हेही खरं. चार आठवड्यांत विद्यार्थ्याला शिकायला मिळतं. पक्षकाराचा खटला मात्र पुढे वर्षानुवर्षं चालतो. यजमान कार्यालयात माणसं कमी, त्यांच्याकडून पाठपुराव्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. ही जबाबदारी महाविद्यालयानं घ्यायला हवी आणि ती घेता येते, कारण दर वर्षी आमच्याकडे नवी मुलं असतात.

म्हणून आम्ही तीन गोष्टी बदलल्या. इंटर्नशिप संपताना विद्यार्थी हस्तांतराचं टिपण लिहितो: प्रकरण कुठवर आलं, पुढची तारीख कोणती, कुणाला कळवायचं. हे टिपण यजमान कार्यालयाच्या संमतीनं, नावांऐवजी क्रमांक वापरून, आमच्या विधी साहाय्य कक्षात राहतं आणि कक्षातली मुलं वर्षभर तारखा बघून कार्यालयाला आठवण देतात. पक्षकाराला फोन कार्यालयातूनच जातो. दुसरं, मे महिन्यात पाठवायच्या मुलांना आम्ही शक्यतो वकिलांच्या कार्यालयापेक्षा विधी सेवा प्राधिकरणाकडे, तालुका समित्यांकडे किंवा नगरपालिकेच्या विधी विभागाकडे पाठवतो, कारण तिथलं काम न्यायालयाच्या सुट्टीत थांबत नाही. साक्षीपुरावा बघायला दिवाळीनंतरचे आठवडे चांगले. तिसरं, डायरीला गुण देताना किती पानं लिहिली हे बघणं बंद केलं. एका प्रकरणाचा माग विद्यार्थ्यानं कुठून कुठवर काढला, एवढंच आता आम्ही विचारतो.

पैशाचा प्रश्न मात्र तसाच आहे. तिचा रोजचा एसटीचा खर्च घरून झाला. तालुक्याच्याही पुढे, आडगावात राहणाऱ्या मुलाला तोही परवडत नाही आणि असा मुलगा जवळच्या ओळखीच्या वकिलाकडून प्रमाणपत्र आणून मोकळा होतो. माजी विद्यार्थ्यांच्या मदतीतून प्रवासभाडं द्यायची सोय आम्ही सुरू केली आहे. ती फार थोड्यांना पुरते. बार कौन्सिलनं २० आठवडे बंधनकारक केले आहेत, तर त्या आठवड्यांच्या प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च कुणी करायचा हेही नियमात लिहायला हवं. त्याशिवाय सक्तीचा भार गरीब मुलांवरच पडत राहील.

ती विद्यार्थिनी आता चौथ्या वर्षाला आहे. येत्या उन्हाळ्यासाठी मुंबईच्या त्याच फर्ममध्ये तिनं पुन्हा अर्ज केला आहे, आणि तिनं तिथे जावं असंच मला वाटतं. कंपनी कायदा तिथे उत्तम शिकायला मिळतो. तुरुंगाच्या यादीसाठी दुसऱ्या वर्षाची दोन मुलं तयार होत आहेत. रोजनामा कसा वाचायचा हे त्यांना शिकवायला ती शनिवारी कक्षात येते.